पहिल्या धारेची

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांच्या भुंवया उंचावल्या असतील. ज्यानें जन्मभर मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविलें, शाळेच्या भिंतीवर व्यसनमुक्तीचीं वाक्यें स्वतःच्या हातानें गेरूनें रंगविलीं, अशा एका सेवानिवृत्त शिक्षकानें मद्याविषयीं बोलावयास उभें राहावें हें थोडें चमत्कारिक दिसतें खरें. मी मद्याचा भाट नाहीं व विद्वानहि नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. परंतु ज्या वस्तूची आपण उठतां बसतां निंदा करतों तिची नीट ओळख करून घेण्याचें कष्ट मात्र आपण घेत नाहीं, आणि या आळसाचें प्रायश्चित्त मला स्वतःला घडलेलें आहे. तें पुढें सांगेन.

प्रथम थोडें दूर जाऊं. फ्रान्स देशाच्या नैर्ऋत्येस बोर्दो नांवाचें शहर आहे. त्याच्या दक्षिणेला, गॅरॉन नदीच्या कांठीं, सोतेर्न नांवाचा एक लहानसा द्राक्षांचा मुलूख आहे व त्यांत शातो दिकेम नांवाचा एक जुना मळा आहे. तेथील पांढरें मद्य जगांत अग्रगण्य मानतात. पांढरें म्हणावयाचें एवढेंच; वस्तुतः तें पिवळें असतें, आणि वर्षें उलटत जातात तसा त्याला मधाचा व पुढें तांबूस रंग चढतो. १८५५ सालीं बोर्दोच्या मद्यांची प्रतवारी ठरली तेव्हां गोड पांढऱ्या मद्यांत सर्वांच्या वरची एक स्वतंत्र पायरी या एकट्या मळ्याला देण्यांत आली.

आतां यांतील नवल पाहा. सिरों नांवाची थंड पाण्याची एक छोटी नदी तेथें गॅरॉनला मिळते. शरदऋतूंत पहाटे त्या संगमावरून धुकें उठतें आणि मळ्यांवर पसरतें. त्या ओलाव्यांत पिकल्या द्राक्षांवर एक प्रकारची बुरशी धरते. दुपारीं ऊन पडलें कीं तीच बुरशी आटोक्यांत राहते. द्राक्षाची साल सच्छिद्र होते, आंतील पाणी उडून जातें, आणि मनुकेसारख्या सुरकुतलेल्या, दिसण्यांत अगदीं ओंगळ अशा दाण्यांत साखर व सुवास हीं दोन्हीं दाटून राहतात. या कुजण्याला ते लोक 'उदात्त कूज' म्हणतात. सगळा घड एकदम कुजत नाहीं, म्हणून तोडणारे मजूर एकाच वेलीपाशीं पुनःपुन्हा येतात व त्या दिवशीं जेवढे दाणे नीट कुजले असतील तेवढेच खुडतात. एका वेलीपासून जेमतेम एक पेला मद्य निघतें असा हिशेब सांगतात. १७८५ सालीं लग्नसंबंधानें हा मळा ल्यूर-सालूस घराण्याकडे आला व दोनशेंहून अधिक वर्षें त्यांच्याकडे राहिला. १९९९ सालीं त्याचा मोठा हिस्सा एका धनाढ्य व्यापारी कंपनीकडे गेला. मात्र एक रीत दोघांनींहि पाळली. ज्या वर्षीं पीक मनासारखें नसे त्या वर्षीं मळ्याच्या नांवानें एकहि बाटली बाहेर पडत नसे. १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२ हीं अशीं रिकामीं वर्षें होत.

हें सर्व मीं ग्रंथालयांतील पुस्तकांतून वाचलें आहे. तें मद्य मीं पाहिलेलें नाहीं, आणि त्याच्या एका बाटलीची किंमत वाचल्यावर पाहण्याची इच्छाहि राहिली नाहीं. परंतु तीं पानें वाचतांना माझ्या डोळ्यांपुढें बोर्दोचा तो सरदार येईचना. येई तो आमच्या केळापूर तालुक्यांतील एका पोडावरचा गुडघ्यापर्यंत धोतर नेसलेला एक कोलाम म्हातारा. त्याचें नांव मी सांगणार नाहीं. तो आतां हयात नाहीं, पण त्याचीं नातवंडें आहेत.

यवतमाळ जिल्ह्याबाहेरील श्रोत्यांसाठीं सांगतों कीं कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात. केळापूर, झरी-जामणी, मारेगांव, घाटंजी, राळेगांव या तालुक्यांत डोंगराच्या कुशीला अशीं पोडें आहेत. त्यांची भाषा कोलामी. ती तेलुगु, गोंडी यांच्या कुळांतली, मराठीच्या नव्हे. माझ्या शाळेंत या पोडावरचीं मुलें येत, आणि दरवर्षीं फाल्गुन संपतां संपतां तीं येईनाशीं होत. हजेरीपुस्तकांत मी तांबड्या शाईनें गैरहजेरी मांडीत असें व मनांतल्या मनांत त्यांच्या आईबापांस दोष देत असें. शेवटीं एके दिवशीं पहाटेच उठून मी पोडावर गेलों. मुलें घरीं नव्हतीं. सगळीं मोहाखालीं होतीं.

मोहाचें झाड आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल, परंतु त्याचें फूल झडतांना फार थोड्यांनीं पाहिलें असेल. चैत्राच्या सुमारास झाडाचीं जुनीं पानें गळून गेलेलीं असतात व फांद्यांच्या टोकांस फुलांचे झुबके लोंबतात. फूल रात्रीं उमलतें. वटवाघळें त्यावर झेपावतात. पहाट झाली कीं फुलाची पाकळी, म्हणजे तो मांसल, दुधट रंगाचा, पोकळ मण्यासारखा भाग, आपोआप सुटून खालीं पडतो. वारा नसतांहि टप्‌टप् असा आवाज चालूं असतो. वास गोड, जड, किंचित् उग्र. कांहींना त्यानें डोकें दुखतें. हें झाड आणि आपला चिकू एकाच कुळांतले आहेत हें मला फार उशिरां कळलें, पण एकदां कळल्यावर त्या वासांत मला पिकल्या चिकूची ओळख पटूं लागली.

बायका व मुलें उजाडण्यापूर्वीं टोपल्या घेऊन जातात, कारण उशीर झाला तर गुरें, हरणें आणि अस्वलें वांटा उचलतात. टिपेश्वराच्या रानांत अस्वलाची गांठ पडण्याची भीति या दिवसांत अधिक. वेंचलेलीं फुलें अंगणांत पसरून उन्हांत वाळवितात. तीं सुकून तांबूस-तपकिरी होतात आणि मनुकांसारखीं दिसतात. सुक्या फुलांत निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. म्हणूनच तें अन्नहि आहे. भाकरींत घालतात, उकडून खातात, तिळाबरोबर कुटून लाडू करतात. आणि दुष्काळाच्या सालीं रानांतल्या माणसांना या फुलानेंच जगविलें. पुढें त्याच झाडाला फळ धरतें, त्याची बी ती टोळी. तिचें तेल निघतें. एका झाडानें इतकें दिल्यावर त्याला देव मानलें तर त्यांत अडाणीपणा कोणता?

आतां दारू. सुकीं फुलें मडक्यांत पाणी घालून भिजत ठेवतात. फुलांवर व हवेंत जे सूक्ष्म किण्वजीव असतात ते साखर खाऊं लागतात, तिचें मद्यार्कांत रूपांतर करतात, आणि मडकें आपोआप उकळल्यासारखें बुडबुडूं लागतें. या आंबलेल्या लगद्याला आमच्याकडे सडवा म्हणतात. शब्द ओंगळ आहे, परंतु फ्रेंचांच्या 'उदात्त कुजण्या'पेक्षां तो अधिक प्रामाणिक आहे असें मला वाटतें. उन्हाळ्यांत सडवा चारपांच दिवसांत तयार होतो, थंडींत आठवडा उलटून जातो. तयार झाला हें कसें ओळखावयाचें, असें मीं म्हाताऱ्याला विचारलें. तो म्हणाला, "कान लावून पाहा जी, गुर्जी. बोलनं बंद झालं का झाला." बुडबुडे थांबले म्हणजे साखर संपली. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत हेंच एका पानांत लिहिलेलें असतें.

नाल्याच्या कांठीं, पाण्याजवळ, त्याची भट्टी होती. खालीं सडव्याचें मडकें, त्याच्या तोंडावर दुसरें, सांधे चिखलानें लिंपलेले. वरच्या मडक्यांतून पोकळ वेळूची नळी निघून नाल्याच्या थंड पाण्यांत बसविलेल्या तिसऱ्या मडक्यांत जाई. पाणी शंभर अंशांवर उकळतें, मद्यार्क सुमारें अठ्ठ्याहत्तर अंशांवर. म्हणून मंद आंचेवर मद्यार्काची वाफ पुढें निघते व पाणी मागें राहतें. सारें कौशल्य या मंद आंचेंत आहे. जाळ मोठा केला तर पाणी, करपलेला वास आणि नको तीं द्रव्यें सगळीं मिळूनच पळत सुटतात. म्हातारा भट्टीपाशीं चार चार घटका बसून एकेक काटकी सरकवीत असे. "आगीनं घाई केली का दारूले राग येते," हें त्याचें वाक्य.

लोक पहिल्या धारेची म्हणून जिची वाखाणणी करतात ती सर्वांत कडक असते. परंतु म्हातारा नळीतून आलेली अगदीं पहिली ओंजळ कधीं कोणाला देत नसे. ती तो देवाच्या नांवानें जमिनीवर ओतून टाकी. मी आधीं हा भाबडेपणा समजलों. पुढें वाचनांत आलें कीं ऊर्ध्वपातनांत प्रथम निघणाऱ्या भागांत मद्यार्काहून हलकीं व त्रासदायक द्रव्यें अधिक असतात, आणि युरोपांतील कारागीरहि तो पहिला अंश वेगळा काढून टाकतात. देवानें त्या पोडाला बऱ्याच डोकेदुख्यांपासून वांचविलें असलें पाहिजे.

त्याचे इतर नेमहि ऐकण्यासारखे होते. फुलें कोणत्याहि झाडाचीं चालत नसत. झाडाझाडाच्या फुलांचा गोडवा निराळा असतो असें तो म्हणे, आणि गाळण्यासाठीं त्याचीं तीन झाडें ठरलेलीं होतीं. वाळत घातलेल्या फुलांवर अवकाळी पाऊस पडला तर तीं काळीं पडून त्यांना बुरा वास येतो. अशीं फुलें तो गुरांपुढें टाकी. एका चैत्रांत लागोपाठ पाऊस झाला, त्या वर्षीं त्याची भट्टी लागलीच नाहीं. देवकार्यापुरती दारूहि त्यानें मागच्या वर्षाच्या सुक्या फुलांची केली. १९७२ सालीं दिकेमच्या धन्यानें जें केलें तेंच इथें एका निरक्षर कोलामानें केलें, आणि त्याच्या गांठीं दुसऱ्या वर्षाची वाट पाहण्यासाठीं तळघर भरून बाटल्या नव्हत्या.

मीं ती चाखली आहे काय? होय, एकदां. पोडाच्या नाईकाच्या घरीं मयताच्या दिवसांचें कार्य होतें; पळसाच्या पानाचा द्रोण माझ्याहि हातीं आला, आणि नको म्हणणें हा मृताचा अपमान झाला असता. पाण्यासारखी स्वच्छ, रंगहीन. नाकाशीं नेली तों आधीं धूर, मग मोहाचा तो जड सुवास, मग वाळल्या मनुकांसारखें कांहीं. जिभेवर चटका. घशाखालीं उतरल्यावर कांहीं क्षणांनीं तोंडांत गोडवा परत आला. गाळलेल्या दारूंत साखर मुळींच उरत नाहीं, तेव्हां तो गोडवा जिभेचा नसून नाकाचा होता. फुलाचा वास धूर ओलांडून आला होता. मीं द्रोण खालीं ठेवला. म्हातारा माझ्याकडे पाहत होता. "झाड सापडलं का, गुर्जी?" एवढेंच त्यानें विचारलें.

या फुलाचा आणि फ्रान्सचा संबंध केवळ माझ्या कल्पनेंतला आहे असें समजूं नका. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फिलॉक्सेरा नांवाच्या अमेरिकन किडीनें फ्रान्समधील द्राक्षवेलींचीं मुळें खाऊन मळेच्या मळे उजाड केले. त्याच शतकांत हिंदुस्थानांतून सुकीं मोहफुलें फ्रान्सला रवाना होत आणि तेथें त्यांपासून मद्य गाळीत. इकडे त्याच सुमारास, १८९२ सालीं, मुंबई सरकारनें मोहफुलांचा कायदा करून ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत तीं साठविण्यावर निर्बंध घातले, कारण रानांतला माणूस स्वतः गाळूं लागला तर सरकारी मद्याच्या उत्पन्नाला खोट येई. आमचा जिल्हा तेव्हां वऱ्हाडांत होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आला आणि पुढें १९४९ चा दारूबंदी कायदा आमच्याकडेहि लागू झाला. त्या कायद्याच्या दृष्टीनें माझा म्हातारा हा अट्टल गुन्हेगार होता.

आतां ती कबुली. १९९८ सालीं पोडावरच्या व गांवांतल्या पंधरावीस बाया माझ्या दारांत आल्या. सडकेच्या बाजूला दोनतीन जणांनीं गुळाची भट्टी सुरू केली होती. काळा गूळ, नवसागर, लोखंडी पिंप, वर भडकता जाळ. दोनतीन दिवसांत माल तयार. तिला ना झाड, ना ऋतु. मोहाची दारू फुलांच्या मानानें वर्षांतून थोडे दिवस पुरे, ही बाराहि महिने वाहत होती. पुरुष मजुरी तेथेंच ठेवून येत. एका बाईच्या कपाळावर ओली जखम होती; तिचा मुलगा माझ्याच वर्गांत होता. त्या म्हणाल्या, "गुर्जी, अर्ज लिहून द्या."

मीं लिहून दिला. अक्षर माझें चांगलें आहे. बायांनीं ज्या दोनतीन नांवांचा उच्चार केला तीं लिहिण्याचें मला धैर्य झालें नाहीं, कारण तीं माणसें वजनदार होतीं व मला त्याच गांवांत राहावयाचें होतें. म्हणून मीं लिहिलें, 'गांव व पोड येथील सर्व भट्ट्या बंद कराव्यात.' बायांनीं अंगठे उठविले. चौथ्या दिवशीं शिपाई आले. सडकेवरच्यांना आगाऊ वर्दी मिळालेली असावी. तेथें रिकामीं पिंपें सांपडलीं. नाल्यावर म्हातारा काटकी सरकवीत बसलेला होता. त्याचीं मडकीं काठीनें फोडलीं, सडवा नाल्यांत ओतला व त्याला दोन रात्री कोठडींत बसविलें. आठ दिवसांत सडकेवरचा जाळ पुनः पेटला. नाल्यावरचा पेटला नाहीं.

त्या बायांचें चुकलें असें मी कदापि म्हणणार नाहीं. शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत १९७५ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलींत १९९३ पासून. चंद्रपुरांत ती २०१५ सालीं आली व २०२१ सालीं उठली. आणि आमच्या जिल्ह्यांतहि तिच्यासाठीं स्त्रियांनीं मोर्चे काढले आहेत. ज्यांच्या घरांत तें विष शिरतें त्यांना पहिली धार आणि दुसरी धार यांतला भेद ऐकवीत बसणें हा क्रूरपणा आहे. उत्तम मोहाच्या दारूनेंहि घरें बुडालेलीं मीं पाहिलीं आहेत. आणि भेसळीच्या दारूबद्दल तर बोलावयासच नको. २०१५ सालीं मुंबईच्या मालवणी भागांत मिथेनॉल मिसळलेल्या दारूनें शंभराहून अधिक माणसें मेलीं. हें मिथेनॉल शरीरांत गेलें म्हणजे त्यापासून फॉर्मिक आम्ल तयार होतें. आधीं दृष्टि जाते, मग प्राण. आपल्याकडे थेंब विस्तवावर टाकून निळी ज्योत दिसली कीं दारू शुद्ध अशी समजूत आहे. श्रोतेहो, ती अगदीं चुकीची आहे. मिथेनॉलचीहि ज्योत निळसरच असते. त्या परीक्षेवर कोणींहि विसंबूं नये.

म्हाताऱ्यानें मला एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. अर्ज कोणी लिहिला हें त्याला ठाऊक होतें. पुढल्या वर्षीं फुलें पडलीं तेव्हां त्यानें नातवाच्या हातीं माझ्या घरीं सुक्या मोहफुलांची एक पुरचुंडी पाठविली, लाडवांसाठीं; आणि तो जिवंत होता तोंवर दर वैशाखांत ती येत राहिली. मी तिकडे जाण्याचें टाळूं लागलों. २००९ सालीं तो वारला. त्याच्या मातीच्या दिवशीं देवापुढें शिंपडण्यासाठीं जी दारू आणली ती सडकेवरची होती. तिला गुळाचा आणि नवसागराचा दर्प येत होता. मीं मान खालीं घातली.

त्यानंतर काळ पालटला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें मोहफुलांसारख्या गौण वनोपजावर रानांतल्या माणसांचा हक्क मान्य केला. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें मोहफुलें गोळा करण्यावरचे व नेण्या-आणण्यावरचे निर्बंध दूर केले. गोव्याच्या काजूच्या फेणीला २००९ सालींच भौगोलिक निशाणीचा मान मिळाला होता. मध्य प्रदेश शासनानेंहि २०२२ सालीं आदिवासींनीं गाळलेल्या मोहाच्या दारूला वारशाचें मद्य म्हणून मान्यता देण्याचें धोरण आंखलें. नाशिककडे द्राक्षांचें पांढरें मद्य होतें व शहरांतलीं प्रतिष्ठित माणसें तें पेल्यांत फिरवून त्याचा सुवास घेतात हेंहि मीं वर्तमानपत्रांत वाचतों. तेथें मळ्याची माती, उतार, ऊन यांची चर्चा चालते. नाल्यापलीकडच्या झाडाविषयीं अशी चर्चा मीं फक्त एका माणसाच्या तोंडून ऐकली, आणि ती उतरून घेण्याची बुद्धि मला झाली नाहीं. माझ्याकडे दहा अर्जांच्या नकला जपून ठेवलेल्या आहेत. त्याच्या पाण्याचें, फुलांचें, दिवसांचें माप मात्र एकाहि कागदावर नाहीं.

गेल्या महिन्यांत त्याचा तोच नातू माझ्याकडे आला. त्याच्या बायकोच्या बचतगटाला मोहाचे लाडू करून विकावयाचे आहेत. दारूचें तो नांवहि काढीत नाहीं. बाप सडकेवरच्या भट्टीपायीं गेला, त्याला तिचा वीट आहे. त्याला गोड फूल हवें होतें. "गुर्जी, आजाचीं तीन झाडं कोनतीं होतीं? तुम्ही त्याच्यासंगं जाऊन बसत होते म्हनून पुसतो." दोन मला सांगतां आलीं. एक देवराईच्या टोकाला, दुसरें जुन्या गोठाणाच्या वरच्या अंगाला. तिसरें नाल्यापलीकडे होतें आणि त्याच्या बुंध्याला वीज पडल्याची फट होती, एवढेंच स्मरतें. तें अजून उभें आहे कीं तुटलें हें नातवाला ठाऊक नाहीं, मलाहि नाहीं. येत्या चैत्रांत फुलें पडूं लागलीं म्हणजे आम्ही दोघे पहाटे तिकडे जाणार आहों. माझे गुडघे आतां चढाला कुरकुरतात. तेव्हां नातवानें काठी आणावयाचें कबूल केलें आहे.